खाणीतून उरलेला खांब

अंधेरी पश्चिमेला रिक्षावाल्याला ‘गिल्बर्ट हिल’ म्हटलं की तो भवन्स कॉलेजपलीकडच्या गल्लीत आणून सोडतो. टेकडी शोधत राहाल तर फसाल. झोपड्या आणि इमारतींच्या गर्दीतून सुमारे ६१ मीटरचा काळा कातळ सरळसोट वर गेलेला. वीस मजले सहज भरतील. मान वर करून नीट पाहिलं की तो अखंड नसल्याचं कळतं. उसाची मोळी उभी करून ठेवावी तसे बहुकोनी खांब एकमेकांना चिकटून उभे आहेत.

हे कुणी कोरलेलं नाही. सहा कोटी वर्षांहूनही आधी इथे अकराशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला शिलारस साचला आणि निवू लागला. निवताना दगड आकसतो. पण एवढा अवाढव्य थर बाजूंनी आत सरकणार कसा? मग तो तडकतो. उन्हाळ्यात तळ्याचा गाळ भेगाळतो तसंच. तिथे पाणी उडून जातं, इथे उष्णता. तीन भेगा साधारण १२० अंशांत भेटल्या की थोडक्या भेगांत जास्तीत जास्त ताण सुटतो, म्हणून षटकोन. अर्थात निसर्ग कंपास घेऊन बसत नाही, त्यामुळे पाच-सात बाजूंचे खांबही निघतात. थंडावा आत उतरेल तशी भेगही मागोमाग उतरते, थंड होणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोन धरून. इथले खांब उभे, म्हणजे उष्णता वर किंवा खाली निसटली.

हा दगड म्हणजे बेसाल्ट. त्याचे कण डोळ्यांना दिसत नाहीत. जमिनीखाली खोलवर, फार सावकाश निवणाऱ्या ग्रॅनाइटचे स्फटिक मात्र नुसत्या नजरेला दिसतात. पाक न हलवता दिवसच्या दिवस ठेवला तर खडीसाखर. घोटून झटपट आळवला तर पिठीसारखा रवा. बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांचा दगड आणखी निराळा: ज्वालामुखीने उधळलेले तुकडे एकत्र घट्ट होऊन झालेला.

गिल्बर्ट हिलचे खांब उघडे पडले ते बरेचसे खाणीमुळे. भोवतीचा दगड सुरुंग लावून फोडून नेला, मधला राहिला. अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये असाच खांबांचा ‘डेव्हिल्स टॉवर’ आहे. त्याला १९०६ सालीच राष्ट्रीय स्मारक केलं गेलं. आपल्याकडे महापालिकेचा वारसा दर्जा मिळायला २००७ उजाडलं. गावदेवीने मात्र माथा त्याआधीच धरून ठेवला होता. मला तर तीच खरी संरक्षक वाटते.

तिच्या देवळाकडे जाणाऱ्या पायऱ्या कातळातच खोदलेल्या आहेत. मी भर दुपारी चढलो, तेव्हा त्यांना हात लाववत नव्हता.