सांगली माइनचा डोंगर आणि दगडाची कांडी

निपाणी भागात शिवारात बोअरची गाडी आली की अर्धं गाव बांधावर जमतं. आत हातोडा धडधडतो, करडी धूळ उडते आणि ती ओली होऊन आली की मालकाच्या जिवात जीव येतो. त्या यंत्राला दगडाशी देणंघेणं नाही. दगडाचा भुगा करून पाण्यापर्यंत पोचलं की त्याचं काम संपलं. खनिज शोधणाऱ्या बोअरचं नेमकं उलटं असतं. तिला दगड हवा, तोही अखंड, आणि जमिनीत ज्या क्रमाने होता त्याच क्रमाने.

निपाणीच्या काळ्या रानाखाली बेसॉल्ट आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. त्यात सोन्याचांदीच्या शिरा शोधायला कुणी जात नाही. गोकाकला घटप्रभा जिथून उडी घेते, तिथे वालुकाश्म लागतो. धारवाड ओलांडून गदगकडे गेलं की हिरवट-करडे, पापुद्रे सुटणारे खडक दिसू लागतात. त्यांचं वय अडीचशे कोटी वर्षांहून जास्त. त्यांचाच डोंगर म्हणजे कप्पतगुड्ड.

या डोंगराबद्दल नीट लिहिलं ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या रॉबर्ट ब्रूस फूट यांनी. गोकाक भागात गेंड्याचे जीवाश्म शोधणारे हेच फूट. दक्षिण मराठा मुलखाच्या भूरचनेवरचा त्यांचा ग्रंथ १८७६ चा; त्याआधी १८७४ मध्ये याच डोंगररांगेतल्या डंबळच्या टेकड्यांतल्या सोन्यावर त्यांनी लेख लिहिला होता. इथल्या ओढ्यांत जलगार लोक लाकडी पाटीत वाळू धुऊन सोन्याचे कण काढत. आपल्या सराफकट्ट्यावरचे झारेकरी दुकानापुढची धूळ धुतात, जलगार डोंगराची धूळ धूत. पाण्याने वाहून आणलेला कण वरच्या कुठल्या शिरेतून सुटला, हा प्रश्न त्यांच्या पाटीपासूनच सुरू झाला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज कंपन्यांनी त्या शिरांमागे बोगदे खणले. दहा-बारा वर्षांतच बहुतेक काम थंडावलं. पटवर्धनांच्या सांगली संस्थानाचा शिरहट्टी तालुका या डोंगराला लागून होता, आणि इथल्या एका जुन्या खाणीला आजही ‘सांगली माइन’ म्हणतात. कृष्णाकाठचं नाव इतक्या दूर, कन्नड मुलखातल्या डोंगरात टिकून राहिलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

अशा सोडलेल्या खाणीभोवती पुन्हा शोध घ्यायचा तर कोअर ड्रिलिंगला पर्याय नाही. पोकळ पोलादी नळीच्या तोंडाशी एक कडं असतं, त्याच्या धातूत कृत्रिम हिऱ्यांचे बारीक कण बसवलेले. ते ठोकत नाही, गरगर फिरत दगड घासत जातं. धातू झिजतो तसे खालचे नवे हिरे उघडे पडतात. कडं झिजलंच नाही तर कापणार कसं? मधला दगड नळीत तसाच उभा राहतो. साधारण तीन मीटर झाले की तारेने आतली नळी वर ओढतात आणि पावणेपाच सेंटीमीटर जाडीची कांडी हाती येते. याहून जाड कांड्याही काढतात. भोक सहसा तिरकं घेतात, कारण शिरा उभ्या असल्या तर सरळ भोक त्यांच्या शेजारून निघून जाईल आणि डोंगर रिकामा वाटेल.

जुन्या खाणीत आणखी एक भीती असते. कडं अचानक पोकळीत उतरतं, खाली सोडलेलं पाणी वर यायचं थांबतं. शंभर वर्षांपूर्वीचा बोगदा लागलेला असतो. शिवाय गारेची शीर जिथे जास्त तडकलेली असते तिथेच कांडीचा चुरा होतो, आणि बऱ्याचदा हवं ते तिथेच असतं. तीन मीटर खोदून अडीचच मीटर हाती आलं, तर उरलेला अर्धा मीटर हरवला अशी नोंद करावीच लागते. या प्रामाणिकपणावर पुढचा सगळा हिशेब उभा असतो.

कांडी लांबीत करवतीने चिरतात. अर्धी पेटीत राहते, अर्धी दळून प्रयोगशाळेत जाते. तिथली पद्धत हुपरीच्या आटणीवाल्यालाही परकी वाटणार नाही. भुकटीत मुर्दाडशिंग (शिशाचं ऑक्साइड) आणि टाकणखार घालून मुशीत वितळवतात. त्यातून सुटलेलं शिसं तळाशी जातं, जाताना सोनं-चांदी सोबत नेतं. मग हाडांच्या राखेसारख्या सच्छिद्र वाटीत ते तापवलं की शिसं वाटीत मुरतं आणि टाचणीच्या डोक्याएवढा मणी उरतो. नायट्रिक आम्लात त्यातली चांदी विरघळते, सोनं राहतं. मण्यात चांदी कमी असेल तर आम्ल आत शिरत नाही, म्हणून आधी मुद्दाम चांदी मिसळतात. एवढा खटाटोप टनामागे काही ग्रॅम मोजण्यासाठी.

भोक लहान असतं, बुजवता येतं. खाण बुजत नाही; दळलेल्या दगडाचे ढीग आणि त्यातली रसायनं मागे राहतात. कप्पतगुड्ड औषधी वनस्पतींसाठी प्रसिद्ध आहे, २०१९ पासून अभयारण्यही आहे. तो तसाच राहावा, असं माझं ठाम मत आहे. पण देशात जिथे कुठे कांड्या काढल्या गेल्या, तिथल्या पेट्या मात्र कोरड्या जागी, खोलीचे आकडे लिहिलेल्या लाकडी ठोकळ्यांसकट जपल्या पाहिजेत. पेटीतली अर्धी कांडी शाबूत असली, तर त्याच दगडासाठी डोंगराला दुसरं भोक पाडावं लागत नाही.