घटस्फोटातला घट

'ताटातूट' या शब्दाची पाळी आज नाही. मागच्या लेखाच्या शेवटी मी तिचं कबूल केलं होतं, पण काडीमोडीवरचा लेख वाचून सोलापूरकडच्या एका वाचकबाईंचं पत्र आलं. 'काडीमोडीतली काडी कळली. पण घटस्फोटात घट कुणाचा आणि तो फोडतं कोण? कोर्टात तर नुसत्या सह्या होतात.' हा प्रश्न मलाही कित्येक वर्षं सोडत नाही. तेव्हा आज घटच.

मुळातला घटस्फोट लग्नाचा नाहीच. गोतातला माणूस पतित ठरला आणि प्रायश्चित्त घेईना, तर सगळ्या भाऊबंदांनी मिळून त्याच्याशी संबंध तोडायचे, त्या विधीचा हा घट. माणूस जिवंत, गावातच हिंडतोय, आणि इकडे त्याचं मरण साजरं व्हायचं. गौतमाच्या धर्मसूत्रात हा विधी बारकाव्यानिशी आहे. उकिरड्यावरचं भांडं आणायचं, दासीच्या घागरीतलं पाणी त्यात भरायचं. दास किंवा चाकर दक्षिणेकडे तोंड करून ते पायानं लवंडणार, आणि अमक्याला मी पाण्याविना केलं, असं त्या माणसाचं नाव घेऊन म्हणणार. नातलग केस मोकळे सोडून, जानवं अपसव्य करून त्या लवंडणाऱ्याला हात लावून उभे. मग आंघोळ करायची आणि गावात शिरायचं. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायातही हेच आहे, तिथे दासी घट लवंडते आणि नातलगांना एक दिवस-रात्र सुतक. त्यानंतर त्याच्याशी बोलणं नाही, शेजारी बसणं नाही, वाटणीत हिस्सा नाही.

म्हणजे या दोन्ही ठिकाणी घट लवंडतो, फुटत नाही. 'स्फोट' नंतरच्या धर्मनिबंधांतून रुळला. तो का चिकटला असावा, हे मला वडिलांना पोचवायला गेलो तेव्हा उमगलं. पाण्यानं भरलेलं मडकं खांद्यावर, आणि चितेभोवती फेरी. मागून कुणीतरी दगडानं मडक्याला भोक पाडलं, पाण्याची धार पाठीवरून उतरली. दुसरी फेरी, दुसरं भोक. तिसऱ्या फेरीनंतर मडकं मागच्या मागे टाकायचं, वळून बघायचं नाही. ते फुटल्याचा आवाज मी फक्त ऐकला. नातं संपल्याचा जो आवाज आपल्या लोकांच्या कानात बसला आहे, तो हा. जिवंत माणसाला मेला म्हणायचं तर हाच घट आठवणार.

आणि आपली बोली बघा. हक्क सोडला की आपण त्यावर 'पाणी सोडतो'. संबंध संपवले की 'तिलांजली' देतो, म्हणजे मृताला द्यायचं तिळाचं पाणी. पोराचं नाव टाकलं की बाप म्हणतो, 'त्याच्या नावानं आंघोळ केली.' लवंडलेल्या घटानंतरची आंघोळ ती हीच, असं मला वाटतं. माझी आत्या हे वाक्य आपल्या दिराबद्दल म्हणायची. धर्मसूत्राचं नावही तिनं ऐकलं नव्हतं.

मग हा शब्द नवराबायकोत कसा आला? मनू पतित स्त्रियांनाही हाच विधी सांगतो, फक्त त्यांना अन्नवस्त्र द्यावं आणि घराजवळ राहू द्यावं, एवढी सवलत देतो. एक पाऊलवाट इथून निघाली असावी. दुसरं कारण माझ्या मते जास्त वजनाचं आहे. ज्या जातींत पाट लागायचे त्यांच्याकडे काडीमोड, फारकत, सोडचिठ्ठी असे शब्द होतेच. शाहू महाराजांनी १९१९ साली कोल्हापूर संस्थानात कायदा केला, तो लोकांच्या तोंडी काडीमोडीचा कायदाच राहिला. पण ज्या घरांत लग्न मोडताच येत नव्हतं, तिथे त्यासाठी शब्दच नव्हता. बडोद्याचा १९३१ चा कायदा आला, मुंबई प्रांताचा १९४७ चा, मग १९५५ चा हिंदू विवाह कायदा. या मंडळींना काडीमोड म्हणणं जड गेलं आणि पोथीतला घट बाहेर निघाला, असा माझा तर्क आहे. हिंदी कायद्यात 'विवाह-विच्छेद' लिहितात. गुजरातीत 'छूटाछेडा', त्यात पदराच्या गाठी सुटतात, आणि तो शब्द मला आपल्या शब्दापेक्षा कितीतरी मायाळू वाटतो.

एक गोष्ट मात्र या शब्दाच्या वाटेत सांडून गेली. त्या विधीला उलट फेरी होती. माणसानं प्रायश्चित्त घेतलं तर गौतम सोन्याच्या भांड्यात पवित्र डोहाचं नाहीतर नदीचं पाणी भरायला सांगतो आणि त्या पाण्यानं त्याला न्हाऊ घालायला सांगतो. मनूकडे नातलग त्याच्याबरोबर पवित्र जलाशयात आंघोळ करतात आणि पाण्यानं भरलेला नवा घट त्यात टाकतात. ज्यांनी आधीचा घट लवंडायला लावला, तेच. लवंडण्याला आपण नाव दिलं, ते मराठीत घरोघरी पोचलं. या नव्या घटाचं नाव मी बोलीत कुठेच ऐकलेलं नाही. जुन्या एखाद्या घराण्यात, एखाद्या भिक्षुकाच्या तोंडी ते टिकलं असेल तर मला जरूर लिहा.

ताटातूट पुढच्या आठवड्यात नक्की. त्यातलं ताट जेवायचं का, असं विचारणारी दोन पत्रं आधीच येऊन पडली आहेत.