ओरखडा जातो कुठे?

दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. आमची गडद निळ्या रंगाची जुनी मोटार आठवडाभर दारात उभी राहून धुळीने माखली होती. माझ्या नववीतल्या मुलीने कोणी न सांगता कोरडे फडके घेतले आणि ती पुसून काढली. दुसऱ्या दिवशी उन्हात पाहतो, तो बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक ओरखड्यांची वर्तुळे! "अशी गोल गोल कशाला घासलीस?" मी रागावून विचारले. ती म्हणाली, "बाबा, हात पोचेल तशी उभी-आडवी पुसली. गोल नाही." मला ते पटले नाही. महाविद्यालयात प्रकाशशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला ते पटायला हवे होते!

वर्तुळांचे गूढ

तुम्हीच हा प्रयोग करून पाहा. बरीच वर्षे घासलेले स्टीलचे ताट घ्या. अंधाऱ्या खोलीत एकच दिवा लावा आणि ताटात त्याचे प्रतिबिंब पाहा. प्रतिबिंबाभोवती ओरखड्यांची वर्तुळे दिसतील. आता डोके बाजूला न्या. प्रतिबिंब सरकते आणि वर्तुळेही त्याच्याबरोबर सरकतात. वर्तुळे खरोखरच ताटावर कोरलेली असती, तर ती जागची हलली नसती.

प्रत्येक ओरखडा म्हणजे एक अरुंद चर. त्याच्या उतरत्या बाजू प्रकाश परावर्तित करतात, पण मुख्यतः चराच्या लांबीला काटकोनात. त्यामुळे सर्व दिशांना पसरलेल्या असंख्य ओरखड्यांपैकी जे प्रतिबिंबाभोवतीच्या वर्तुळाला स्पर्शिकेसारखे असतात, तेवढेच आपल्या डोळ्यांकडे प्रकाश पाठवतात. बाकीचे असूनही दिसत नाहीत. म्हणजे मुलगी खरे बोलत होती.

मात्र ओरखडे खरे होते. आपल्या धुळीत गारगोटीचे, म्हणजे क्वार्ट्झचे, सूक्ष्म कण असतात. मोह्‌स यांनी १८१२ साली मांडलेल्या काठिण्य-श्रेणीत क्वार्ट्झचा क्रमांक ७ लागतो. मोटारीचा रंग त्यापुढे फारच मऊ. कोरडे फडके हे कण रंगावरून ओढत नेते आणि फडक्याचा जणू पॉलिश पेपर होतो.

पाण्याची जादू

अलीकडच्या मोटारींच्या पत्र्यावर प्रथम प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर रंगहीन पारदर्शक लेप असतो. हा वरचा लेप साधारण ४० ते ५० मायक्रोमीटर जाडीचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ. (१ मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) हलका ओरखडा या लेपातच असतो. तिथे प्रकाश खालच्या रंगापर्यंत नीट पोचण्याआधीच विखुरतो, म्हणून गडद गाडीवर ओरखडा पांढुरका दिसतो.

त्यावर पाणी टाका. ओरखडा नाहीसा! पाणी वाळले की पुन्हा हजर. याचे कारण आकडेमोडीने कळते. लेपाचा अपवर्तनांक सुमारे १.५ आणि हवेचा १. सरळ पडणाऱ्या प्रकाशाचा परावर्तित भाग काढण्यासाठी दोन अपवर्तनांकांच्या वजाबाकीला बेरजेने भागून वर्ग करायचा. ०.५ भागिले २.५ म्हणजे ०.२, त्याचा वर्ग ०.०४, म्हणजे ४ टक्के. चरात पाणी (अपवर्तनांक १.३३) भरल्यावर लेप आणि पाणी यांच्या सीमेवर हेच उत्तर ०.३६ टक्के येते, म्हणजे सुमारे अकरावा हिस्सा. खोबरेल तेलाचा अपवर्तनांक सुमारे १.४५ असल्याने ते याहून सरस ठरते. मेणाचे पॉलिश लावल्यावर गाडी नवी दिसते ती याच कारणाने. पण हे झाकणे झाले. मेण धुऊन गेले की ओरखडा परत दिसतो.

खड्डा बुजत नाही

मग ओरखडा खरोखर 'काढतात' तो कसा? शेतात चर पडला, तर शेतकरी त्यात माती भरतो. इथे उलटे करतात. चर तसाच ठेवून सगळे शेत चराच्या तळापर्यंत खाली आणतात! रबिंग कंपाउंड म्हणजे अतिसूक्ष्म कठीण कणांचा लेप. त्याने घासले की भोवतालचा पृष्ठभाग झिजतो आणि चर उथळ होत जातो. या घासण्यानेही ओरखडे पडतातच, पण ते फार बारीक असतात. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ०.४ ते ०.७ मायक्रोमीटर असते. खाचांची खोली त्याहून बरीच कमी झाली की पृष्ठभाग आरशासारखा भासतो. काचेला झिलई देताना ओरखडे नाहीसे होत नाहीत, दिसू नयेत इतके बारीक होतात, हे न्यूटनने १७०४ साली प्रसिद्ध झालेल्या 'ऑप्टिक्स' या ग्रंथात सांगितले आहे.

याचा अर्थ असा की, ३ मायक्रोमीटर खोल ओरखडा पूर्ण घालवायचा तर ३ मायक्रोमीटर लेप कायमचा खर्चावा लागतो. ही शिल्लक पुन्हा भरत नाही आणि उन्हापासून रंगाचे रक्षणही हाच लेप करतो.

हे मी शिकलो ते नुकसान करून. मुलीची 'चूक' दुरुस्त करण्यासाठी मी कंपाउंड आणून जोर लावून घासू लागलो. बॉनेटच्या कडेशी आल्यावर फडक्याला निळा रंग लागला. लेप संपला होता! कडेवर फडके फारच थोड्या जागेला टेकते. बल तेवढेच, क्षेत्रफळ कमी, म्हणून दाब जास्त. आठवीच्या पुस्तकातले हे सूत्र ऐन वेळी आठवले नाही.

घरी करायचे तर

ओरखड्यावरून आडवे नख फिरवा. नख अडकले, तर तो खोल आहे, घासू नका. पत्रा उघडा पडला असेल, तर गंज चढण्याआधी गॅरेजमध्ये रंग लावून घ्या. नख अडकले नाही, तर गाडी सावलीत उभी करून भरपूर पाण्याने धुवा. कडांवर चिकटपट्टी लावा. मऊ ओलसर फडक्यावर थोडेसे बारीक कंपाउंड घेऊन हलक्या हाताने घासा. दर मिनिटाला धुऊन, कोरडे करून पाहा. ओले असताना पाहिलेत तर फसाल. ओरखडा अंधूक झाला की थांबा आणि शेवटी मेणाचे पॉलिश लावा. टूथपेस्टनेही हलका ओरखडा कमी होतो, कारण तिच्यातही घासणारे कण असतात; पण ते दातांसाठी निवडलेले असतात, रंगासाठी नव्हे.

मुलीची मी माफी मागितली. आता गाडी दोघे मिळून धुतो. आधी पाणी, मग फडके. कडेवरचा डाग अजून आहे आणि तो कोणी केला, हे ती पाहुण्यांना आवर्जून सांगते.

जाता जाता एक प्रश्न. खिडकीच्या दुधी काचेच्या खरखरीत बाजूवर पारदर्शक चिकटपट्टी दाबून लावली, तर तेवढ्या भागातून पलीकडचे स्पष्ट दिसू लागते. असे का होत असेल? उत्तर वर दिलेले आहेच.