मतदानाविना चाललेली सभा

पश्चिम आफ्रिकेच्या समुद्रकाठी घाना हा देश आहे. इंग्रजांच्या अमदानीत त्याला ‘गोल्ड कोस्ट’ म्हणजे सुवर्णकिनारा म्हणत. १९५७ साली तो स्वतंत्र झाला. त्यानंतर अवघ्या सात वर्षांनी, १ डिसेंबर १९६४ रोजी, घानाचे प्रतिनिधी अ‍ॅलेक्स क्वेसन-सॅकी यांची संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या अध्यक्षपदी बिनविरोध निवड झाली. १९५३ साली ज्या आसनावर आपल्या विजयालक्ष्मी पंडित बसल्या होत्या, तेच हे आसन. कृष्णवर्णीय आफ्रिकी मनुष्यास तो मान प्रथमच मिळत होता.

विनेबा गावी १९२४ मध्ये जन्मलेले क्वेसन-सॅकी ऑक्सफर्ड येथे शिकले होते. १९५९ पासून ते न्यूयॉर्क येथे आपल्या देशाची बाजू मांडीत.

मान मोठा खरा. परंतु वेळ कठीण होती. दोन वर्षांच्या वर्गणीइतकी रक्कम थकली, तर त्या राष्ट्रास आमसभेत मत नाही, असे राष्ट्रसंघाच्या सनदेचे १९ वे कलम सांगते. काँगोत पाठविलेल्या शांतिसेनेचा खर्च देण्यास सोव्हिएत रशिया आणि फ्रान्स तयार नव्हते. कलम पाळलेच पाहिजे, असा अमेरिकेचा आग्रह होता. मतदान पुकारताच रशियाला मत आहे की नाही, हा वाद पेटणार आणि संघटना दुभंगणार, अशी भीती होती.

तेव्हा मतदानच घ्यावयाचे नाही, असे ठरले. ज्यास कोणाचीही हरकत नाही, तेवढेच मंजूर करावयाचे. मालावी, माल्टा व झांबिया ही नवी राष्ट्रे अशीच सभासद झाली. सुरक्षा परिषदेच्या जागा भरताना प्रतिनिधींनी आपापली पसंती अध्यक्षांना खाजगीत कळविली. आणि हे मतदान नव्हे, असे सर्वांनी मानून घेतले! जॉर्डन व माली यांची चुरस लागली, तेव्हा दोघांना एकेक वर्ष वाटून देण्यात आले.

फेब्रुवारी १९६५ मध्ये अल्बानियाने मतदानाचा हट्ट धरला. केवळ कामकाजाच्या मुद्द्यावर मते घेण्यात आली. अध्यक्षांच्या बाजूने ९७ आणि विरुद्ध २ मते पडली. पुढे ऑगस्टमध्ये अमेरिकेने आपला आग्रह सोडला आणि सभा पूर्ववत चालू लागली.

क्वेसन-सॅकी त्याच वर्षी घानाचे परराष्ट्रमंत्री झाले. परंतु फेब्रुवारी १९६६ मध्ये राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमा पेकिंगमध्ये असताना घानात लष्कराने सत्ता बळकावली. एन्क्रुमांनी क्वेसन-सॅकींना आदिस अबाबाच्या परिषदेस धाडले. ते मात्र तेथे न जाता मायदेशी, अक्रा येथे परतले. त्यांचे मंत्रिपद गेलेच होते. १९७८ साली ते घानाचे राजदूत म्हणून पुन्हा अमेरिकेस गेले. १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले.