गोवंडी? म्हणजे चेंबूरच ना!

कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात दोन प्रश्न हमखास येतात. बारावीला किती पडले आणि राहतेस कुठे? पहिल्याचं उत्तर पुढच्या सेमिस्टरपर्यंत सगळे विसरतात. दुसऱ्याचं कुणी विसरत नाही. दादर, मुलुंड, डोंबिवली सांगितलं की गप्पा पुढे सरकतात. 'गोवंडी' सांगितलं की एक छोटासा पॉज येतो आणि मग, 'अच्छा... सेफ आहे ना गं तिकडे?' हा पॉज टाळायला आमच्याकडच्या बऱ्याच मुलामुलींनी सोपा शॉर्टकट शोधलाय. 'चेंबूरला राहते.' विषय संपला.

हार्बर लाइनवर चेंबूर, गोवंडी, मानखुर्द ही ओळीने तीन स्टेशनं आहेत. चेंबूर सुटलं की इअरफोनमधलं गाणं संपायच्या आत गोवंडी येतं. पण त्या एका गाण्याच्या अंतरात माणसाची किंमत बदलते. मी मानखुर्दच्या एका पुनर्वसन वसाहतीत वाढलेय. तिकडे सगळे 'बिल्डिंग' म्हणतात, बाहेरचे 'ट्रान्झिट कॅम्प' म्हणतात आणि पेपरवाले (म्हणजे आता मीसुद्धा) 'संवेदनशील परिसर'. या शेवटच्या शब्दाचा अर्थ मला एमएची दोन वर्षं करूनही नीट कळलेला नाही. आमच्याकडे सगळ्यात संवेदनशील गोष्ट म्हणजे पाण्याची वेळ.

बदनाम एरियाची बदनामी फक्त बोलण्यापुरती असती, तर कुणाचं काही बिघडलं नसतं. दर शहरात असे टोमणे असतातच. पुण्यात 'येरवड्याला पाठवू का?' म्हटलं की हसतात, कारण तिथे जेल आहे आणि मनोरुग्णालयही. तिथे हजारो साधी घरं आहेत, शाळा आहेत, ऑफिसं आहेत, हे त्या जोकमध्ये बसत नाही. पण पत्त्याचा खरा त्रास फॉर्म भरताना सुरू होतो. कर्जवाल्यांच्या भाषेत 'निगेटिव्ह एरिया' असा एक शब्द आहे. तुमचा पगार, तुमचा रेकॉर्ड नंतर, आधी पिनकोड. रात्री रिक्षावाला 'किधर?' विचारतो आणि उत्तर ऐकून मान हलवतो. ॲपवर बुक केलेली कॅब नकाशात लोकेशन बघून कॅन्सल होते. स्थळ बघायला येणारे स्टेशनवरूनच फोन करतात, 'आपण बाहेर कुठे भेटूया का?'

माझी एक मैत्रीण बैंगनवाडीत राहते. तिच्या कॉलेजात प्लेसमेंट सुरू झाली तेव्हा ग्रुपवर दोन दिवस एकच चर्चा चालू होती की सीव्हीवर पत्ता काय टाकायचा. एका सीनियरचा सल्ला होता, 'चेंबूर ईस्ट लिही, कोण बघतंय?' दुसऱ्याचं म्हणणं, पत्ताच टाकू नको, फक्त 'मुंबई'. तिने चेंबूर लिहिलं. सिलेक्शन झालं. मग व्हेरिफिकेशनवाल्याचा फोन आला, कारण आधारवर गोवंडी आणि फॉर्मवर चेंबूर. तिला ईमेलवर लेखी खुलासा द्यावा लागला. तिच्या जागी दुसऱ्या कुणी दादरऐवजी माटुंगा लिहिलं असतं तर एवढं झालं असतं का, हा प्रश्न तिने मला विचारला, मी तुम्हाला विचारतेय. बाबुराव बागुलांच्या १९६३ सालच्या कथासंग्रहाचं नावच 'जेव्हा मी जात चोरली होती' असं आहे. आम्हाला वर्गात तो शिकवताना सर म्हणाले होते की चोरण्याच्या गोष्टी काळाप्रमाणे बदलतात. मला तेव्हा लगेच आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आठवला. आमच्याकडे पत्ता चोरतात. अर्थात, पुष्कळ घरांत दोन्ही चोरायची वेळ येते.

गंमत म्हणजे बैंगनवाडीचा पत्ता ज्यांनी कधी वाचला असेल, त्यांना माहिती आहे की तो मुंबईतल्या कितीतरी पत्त्यांपेक्षा नीट आहे. रोड नंबर, प्लॉट नंबर, लाइन, खोली. सगळं आखलेलं. कारण शिवाजी नगर आणि बैंगनवाडी या वस्त्या आपोआप उगवलेल्या नाहीत. सत्तरच्या दशकात महापालिकेने शहरातल्या इतर झोपड्या हटवल्या आणि लोकांना इथे प्लॉट आखून दिले. जवळच देवनारचं डम्पिंग ग्राउंड १९२७ पासून होतंच. १९७१ मध्ये कत्तलखाना इथे आला. १९७६ मध्ये, आणीबाणीत, अणुशक्ती केंद्राशेजारची जनता कॉलनी उठवून माणसं चीता कॅम्पला आणून टाकली. २००० नंतर रेल्वेच्या रुळांकडेची घरं तोडली तेव्हा त्या कुटुंबांना लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड अशा ठिकाणी इमारती मिळाल्या. माझे आईबाबा त्यातलेच. मी तेव्हा इतकी लहान होते की रुळाकडेचं घर मला फक्त आईच्या बोलण्यातून माहीत आहे.

म्हणजे बघा, शहराला जे जे आपल्या दारात नको होतं, ते शंभर वर्षं एकाच दिशेला पाठवलं गेलं. कचरा, कत्तल, झोपड्या, विस्थापित. आणि मग एक दिवस शहरानेच नाक दाबून विचारलं, हा एरिया असा का आहे? २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात आमचा एम पूर्व वॉर्ड सगळ्या वॉर्डांत शेवटच्या नंबरावर होता. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस याच वॉर्डात, देवनारला आहे. त्यामुळे आमच्याकडे सर्व्हेवाले कायम येतात. आमच्या मजल्यावरच्या काकू प्रश्नावलीचे पुढचे प्रश्न आधीच सांगतात.

आता चेंबूरबद्दल. ज्या नावामागे आम्ही लपतो, त्या नावाचा इतिहास काही फार सुगंधी नाही. कुर्ला-चेंबूर रेल्वे लाइन १९०६ मध्ये टाकली गेली ती कचऱ्याच्या गाड्यांसाठी. प्रवासी त्यावर आले १९२४ मध्ये. फाळणीनंतर तिथे निर्वासितांचा कॅम्प होता. पुढे कारखान्यांमुळे चेंबूरला 'गॅस चेंबर' म्हणायचे, हे माझ्या बाबांच्या पिढीला पाठ आहे. आज तिथला टूबीएचके किती कोटींना जातो ते विचारू नका. आणि गोवंडी स्टेशनजवळ टॉवर उभा राहिला की जाहिरातीत तोही 'चेंबूर'च असतो. त्यात टाय घातलेला माणूस उभा असतो, म्हणून त्याला पत्ता चोरणं म्हणत नाहीत, ब्रँडिंग म्हणतात.

या स्टोरीसाठी मी महिनाभर ओळखीच्या गल्ल्यांमध्ये एकच प्रश्न घेऊन फिरले: आपल्याकडे डेंजर एरिया कुठला? मला वाटलं होतं, लोक चिडतील. कुणी चिडलं नाही. सगळ्यांनी बोट दाखवलं, फक्त प्रत्येकाने पुढे दाखवलं. स्टेशनजवळच्यांनी शिवाजी नगरकडे. शिवाजी नगरवाल्यांनी बैंगनवाडीकडे. बैंगनवाडीत सांगितलं, इकडे सगळी कामधंद्याची माणसं, जरीकामवाले, शिलाईवाले, लफडं आहे ते रफीक नगरला. रफीक नगर डम्पिंगच्या अगदी कडेला आहे, त्याच्या पुढे कचऱ्याचा डोंगर. तिथे तरी बोट थांबेल असं मला वाटलं. तिथे म्हणाले, आमची गल्ली बरी आहे, ती नाल्याच्या त्या बाजूची पोरं वाया गेलीत. आमच्या वसाहतीतही हेच. आमची बिल्डिंग चांगली, मागच्या रांगेतल्या बिल्डिंगी बेकार. मागच्या रांगेत माझी मावशी राहते. ती नेमकं उलटं सांगते.

यात खोटं कुणीच बोलत नव्हतं. ज्या गल्लीतली माणसं नावाने माहीत असतात, ती गल्ली डेंजर वाटत नाही. नाक्यावर बसणारा पोरगा बाहेरच्याला टपोरी दिसतो. आमच्यासाठी तो तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचा नातू असतो, दहावीत दोनदा गेलेला, ज्याने मागच्या पावसाळ्यात सगळ्यांची मीटरपेटी वाळवून दिली होती. रात्री साडेअकराच्या ट्रेनने उतरून चालत येताना मला आमच्या गेटच्या आत हायसं वाटतं. पण याच ओळखीचा दुसरा भागही सांगायला हवा, नाहीतर मी फुकटची पीआर करतेय असं व्हायचं. कोण कुणाबरोबर उतरलं, कोणत्या बाईकवरून आलं, हे मी घरी पोहोचायच्या आधी घरी पोहोचलेलं असतं. आणि एरियाच्या बदनामीचा सगळ्यात जास्त वापर एरियातलेच आईवडील करतात, मुलींवर. 'आपला एरिया कसा आहे माहितीये ना?' या एका वाक्यावर क्लास सुटतात, इंटर्नशिप सुटते, सातच्या आत घर. भावाला हे वाक्य कुणी ऐकवत नाही. त्याला पोलीस ऐकवतात. रात्री नाक्यावर थांबवून 'कहाँ रहता है?' विचारलं की उत्तरावर पुढचा प्रश्न ठरतो.

मग इथल्या लोकांना भीती कशाची वाटते? मी विचारलं तेव्हा चाकू-तलवारी कुणाच्या तोंडात आल्या नाहीत. बायका पहिल्यांदा 'बटण' म्हणाल्या. म्हणजे नशेच्या गोळ्या. हे खरंच आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. आपलं पोरगं त्या घोळक्यात दिसू नये म्हणून आया कामावरून दोनदा फोन करतात. दुसरं नाव टीबीचं. आमच्यासारख्या पुनर्वसनाच्या इमारती एकमेकींना इतक्या चिकटून बांधल्यात की खालच्या मजल्यांवर दुपारी बारालाही ट्यूबलाइट लागते. हवा नाही, ऊन नाही, मग खोकला जाणार कुठे? तिसरं म्हणजे धूर. जानेवारी २०१६ मध्ये देवनारचा कचरा पेटला तेव्हा मी शाळेत होते. त्या वेळी धूर शहरभर गेला, शाळांना सुट्टी मिळाली, उपग्रहाच्या फोटोतही तो दिसला आणि टीव्हीवाले आमच्याकडे आले. डम्पिंगवर छोट्यामोठ्या आगी आधीही लागायच्या, नंतरही लागल्या. धूर आमच्याच फुप्फुसांत राहिला तर त्याची ब्रेकिंग न्यूज होत नाही.

बाहेर गोवंडीचं नाव गुन्ह्यासाठी जातं आणि आत माणसं गोळ्या, खोकला आणि पाण्याबद्दल बोलतात. या दोन याद्या जुळत नाहीत. पहिल्या यादीसाठी गाडी पाठवली की काम भागतं. दुसरीसाठी दवाखाना, पाइपलाइन आणि खिडकी लागते. कुठली यादी जास्त छापली जाते ते तुम्हीच बघा. मी इंटर्न म्हणून पाहिलं, गोवंडी सर्च केलं की वर काय येतं.

हल्ली बदनामीचं एक नवीन रूप आलंय, ते म्हणजे कूल बदनामी. २०१९ मध्ये 'गली बॉय' आला आणि धारावी एकदम टी-शर्टवर गेली. कुंभारवाडा, चामड्याचे कारखाने, रिसायकलिंग हे सगळं आधीपासून तिथे होतंच, पण पिक्चरनंतर बाहेरच्या पोरांनाही 'आपण गल्लीतले' म्हणावंसं वाटायला लागलं. आमच्याकडची पोरंही बायोमध्ये ४०००४३ टाकतात, रॅप करतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये नटवर पारेख कंपाउंडला गोवंडी आर्ट्स फेस्टिव्हल झाला, तेव्हा बाहेरून माणसं मुद्दाम गोवंडी बघायला आली, हे आमच्यासाठी नवीन होतं. मला हे आवडतं. फक्त एक खटकतं. रील्समध्ये पिनकोड अभिमानाने मिरवणारा तोच पोरगा सीव्हीवर काय लिहितो, हे मी त्याच्याच लॅपटॉपवर पाहिलंय.

ऑगस्ट २०२१ मध्ये घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडवरचा फ्लायओव्हर सुरू झाला. वाशीकडे जाणाऱ्यांना आता खालचा सिग्नल लागत नाही, शिवाजी नगरचा नाका दिसत नाही. दिसतो तो लांबवर पसरलेला डोंगर आणि त्यावर फिरणाऱ्या घारी. वरून जाणाऱ्यांचं गोवंडीबद्दलचं मत खाली उतरून बदलण्याची शक्यता, चला, तेवढी कमी झाली.

आणि आता नवीन पाहुणे येणार आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने देवनार डम्पिंगची १२४ एकर जागा धारावी पुनर्विकासात अपात्र ठरणाऱ्यांच्या घरांसाठी द्यायचं ठरवलं. कचरा हटेल का, कधी हटेल, त्या जमिनीवर राहणं बरं की वाईट, यावर आमच्याकडे रोज वाद चालतात. पण परवा जिन्यात ऐकलेलं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. ज्यांना स्वतःला वीस वर्षांपूर्वी रुळाकडून उचलून इथे आणलं, त्याच काका दुसऱ्या काकांना सांगत होते, 'धारावीवाले आले ना, की आपला एरिया बिघडणार.' दुसरे काका म्हणाले, 'फॉर्मवर ते काय लिहिणार पण? धारावी की गोवंडी?' पहिल्यांनी जरा विचार केला. म्हणाले, 'चेंबूर.'