उलट सोडलेला प्रोटॉन

दहिसर पूर्वेला मी अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवते. दरवर्षी त्यांना हात पुढे करायला लावते आणि सांगते, तळव्यातून सेकंदाला साधारण एक म्युऑन नावाचा कण आरपार जातोय. वरच्या मजल्यांचे स्लॅब त्याला अडवत नाहीत. मुलं विचारतात, तो मोजतात कसा? खरा अवघड प्रश्न त्याच्या पुढचा आहे: मोजलेल्या आकड्याचा अर्थ लावायचा कसा?

आपल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा ‘ग्रेप्स-३’ हा प्रयोग उटीला २,२०० मीटर उंचीवर चालतो. तिथे ५६० चौरस मीटरभर ३,७१२ नळ्या मांडल्यात आणि त्यांच्यावर दोन मीटर काँक्रीट आहे. म्युऑन गेला की नळीत विजेचा एक स्पंद उठतो. बस, एवढंच कळतं. अवकाशातला प्रोटॉन हवेवर आदळल्यावर पंधराएक किलोमीटर उंचीवर जन्मलेला हा कण वाटेतच विघटित होऊ शकतो. हवेचा दाब वाढला की म्युऑन घटतात. वरची हवा तापून फुगली की त्यांचा जन्म आणखी उंचावर होतो, वाट लांबते, आणि गळती वाढते. म्हणजे आकडा बदलला तो सूर्यामुळे की हवेमुळे?

म्हणून संगणकात लाखो प्रोटॉन वातावरणावर सोडतात. प्रत्येक टक्कर, प्रत्येक विघटन संभाव्यतेनं ठरतं. काँक्रीट पार करून नळीपर्यंत कोण पोचलं, ते मोजतात.

पण प्रोटॉन हवेवर आदळण्याआधीच पृथ्वीचं चुंबकत्व आडवं येतं. उटीला सरळ वरून यायला प्रोटॉनला साधारण १७ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते. अवकाशातून कण सोडत बसलं तर जवळजवळ सगळेच उटी चुकवतील. म्हणून हिशेब उलटा करतात: उटीहून विरुद्ध भाराचा कण बाहेर सोडायचा. तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून सुटला, तर त्याच वाटेनं प्रोटॉन आत येऊ शकतो! ही युक्ती मला इतकी सुंदर वाटते की अभ्यासक्रमात नसली तरी मी ती फळ्यावर काढतेच.

२२ जून २०१५ला उटीची म्युऑनसंख्या सुमारे दोन तास वाढलेली दिसली. सूर्यावरून आलेला प्लाझ्माचा लोट तेव्हा पृथ्वीवर आदळला होता. चुंबकीय कवच कमकुवत झालं असं धरून गणित केलं, तेव्हा एरवी परतवले जाणारे प्रोटॉन आत आले आणि वाढ जुळली.