वळिवड्याचे पोलिश सूर

दुसऱ्या महायुद्धाआधीच्या वॉर्सात हांका ऑर्दोनुव्ना हे नाव ठाऊक नाही असा माणूस विरळाच. १९३३ साली एका चित्रपटात तिने गायलेले, हेन्रिक वार्स यांनी चाल दिलेले प्रेमगीत पोलंडभर लोकांच्या ओठांवर होते. युद्ध पेटले आणि या गायिकेच्या वाट्याला आधी जर्मनांचा तुरुंग आला, मग सोव्हिएत राजवटीची उझबेकिस्तानातली हद्दपारी. क्षयाने शरीर पोखरलेले. तशाही अवस्थेत अश्गाबादहून अनाथ पोलिश मुलांना सांभाळत, इराणमार्गे ती १९४२ साली मुंबईला आली. पुढे तिने या मुलांवर टोपणनावाने पुस्तक लिहिले. ते १९४८ मध्ये बैरुतला छापले गेले आणि दोन वर्षांनी तिथेच ती वारली. पोलंडची सर्वांत लाडकी गायिका आपल्या मुंबईत निर्वासित मुलांची आई होऊन राहिली होती, हे मराठी वाचकांपर्यंत फारसे पोचलेलेच नाही.

ही मुले अनाथ का झाली, ते आधी सांगायला हवे. १ सप्टेंबर १९३९ रोजी हिटलरने पश्चिमेकडून आणि १७ सप्टेंबरला स्टॅलिनने पूर्वेकडून पोलंड गिळायला सुरुवात केली. १० फेब्रुवारी १९४०च्या पहाटे पूर्व पोलंडात घरोघर दारे ठोठावली गेली. शेतकरी, वनरक्षक, माजी सैनिक यांच्या कुटुंबांना अर्ध्या-एक तासात गाठोडी बांधायला सांगितले आणि गुरांच्या डब्यांत कोंबून सायबेरिया व अर्खांगेल्स्ककडे पाठवले. त्याच वर्षी एप्रिल आणि जूनमध्ये, आणि १९४१च्या जूनमध्ये अशा आणखी तीन लाटा आल्या. सोव्हिएत कागदपत्रांवरून हद्दपारांचा आकडा सव्वातीन लाखांच्या आसपास निघतो. पोलिश लोक पूर्वीपासून याहून कितीतरी मोठा आकडा सांगत आले. बायाबापड्यांनी जंगलात लाकडे तोडली, कझाकस्तानात शेतावर राबून दिवस काढले. थंडी, भूक आणि टायफस यांनी घरेच्या घरे रिकामी केली.

जर्मनीने रशियावर हल्ला केल्यावर चित्र पालटले. ३० जुलै १९४१ रोजी लंडनमध्ये परागंदा पोलिश सरकारने मॉस्कोशी करार केला आणि कैद्यांची सुटका झाली. जनरल आंदर्स यांनी त्यांतून सैन्य उभारले. १९४२ मध्ये सुमारे सव्वा लाख सैनिक आणि नागरिक मुख्यतः कास्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरले. सैनिक लढायला गेले. बायका, मुले, म्हातारीकोतारी मागे उरली. त्यांना ठेवायचे कुठे? पहिला हात पुढे केला नवानगरच्या जामसाहेब दिग्विजयसिंहांनी. जामनगरजवळ बालाचडीला त्यांनी सुमारे हजार मुलांना आसरा दिला. वॉर्सात आज त्यांच्या नावाचा चौक आहे.

पण हिंदुस्थानातली सर्वांत मोठी पोलिश वसाहत बालाचडीची नव्हे, कोल्हापूरची. पंचगंगेच्या खोऱ्यात, मिरज-कोल्हापूर लोहमार्गालगत वळिवडे इथे १९४३च्या जूनमध्ये शिबिर सुरू झाले आणि सुमारे पाच हजार माणसे तिथे राहू लागली. त्या वेळी कोल्हापूरच्या गादीवर कोण होते, याबद्दल लोक सर्रास चुकीचे लिहितात. राजाराम महाराज १९४०च्या नोव्हेंबरात निवर्तले होते, दत्तक छत्रपती अगदी लहान होते आणि महाराणी ताराबाईंच्या रीजन्सीत संस्थानचा कारभार चालला होता. शहाजी महाराज गादीवर आले ते १९४७ साली, म्हणजे शिबिर आवरण्याच्या आदल्या वर्षी. श्रेय द्यायचेच तर तारखा बघून द्यावे.

खर्चाची गोष्टही नीट सांगितली पाहिजे. शिबिराचा भार लंडनमधल्या पोलिश सरकारने उचलला होता. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने त्या सरकारची मान्यता काढून घेतली, तेव्हा ब्रिटिश खजिना आणि त्यानंतर संयुक्त राष्ट्रांची मदतसंस्था पुढे आली. कोल्हापूरने दिली ती जागा, शेजार आणि माणुसकी. माझ्या लेखी हे देणे पैशाहून कमी नाही.

घरे साधी होती. दगडी जोते, बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती, वर कौले, पुढे पडवी. एकेका लांबलचक बराकीत ओळीने कुटुंबे राहत आणि प्रत्येकाला दोन खोल्या व स्वयंपाकघर असे. ज्यांनी दोन वर्षे बर्फात लाकडी झोपड्यांत काढली होती, त्यांना कडीकोयंड्याचे स्वतःचे दार मिळाले. बायकांनी दारापुढे फुलझाडे लावली. शिबिरात चर्च होते, इस्पितळ, टपालघर, सिनेमाघर आणि बाजार होता. प्राथमिक शाळा, माध्यमिक शाळा, हस्तव्यवसायाचे वर्ग होते. अशक्त आणि क्षयाच्या रुग्णांना पाचगणीच्या हवेत नेत. मुंबईतल्या पोलिश वकिलातीच्या प्रमुखाची पत्नी कीरा बानासिन्स्का या रेड क्रॉसच्या प्रतिनिधी म्हणून या सगळ्यासाठी झटल्या.

आणि शिबिरात गाणे होते. गायकवृंद, नाटके, लोकनृत्ये, नाताळची गीते, बालवीरांच्या शेकोटीची समूहगाणी. पुस्तके, फोटो, दागदागिने वाटेत गेले, विकले गेले. पाठ असलेली गाणी तेवढी कुणी काढून घेऊ शकले नाही. सायबेरियाच्या वाटेवरच मोठी झालेली मुले पोलंड हा देश गाण्यांतून शिकली. वांदा दिनोव्स्का या थिऑसॉफिस्ट विदुषीने, गांधीजींनी जिला उमादेवी हे नाव दिले, भारत आणि पोलंड यांच्यात ग्रंथांचाही पूल बांधला: मोरिस फ्रीडमन यांच्यासोबत तिने १९४४ साली इंडो-पोलिश ग्रंथमाला सुरू केली.

शिबिरातल्या कितीतरी बायांचे नवरे आणि मुलगे तेव्हा इटलीत लढत होते. १८ मे १९४४ रोजी पोलिश तुकड्यांनी माँते कॅसिनोचा मठ काबीज केला. त्याच्या आदल्या रात्री फेलिक्स कोनार्स्की यांनी लिहिलेले लाल खसखशीच्या फुलांचे गीत आजही पोलिश सभांमध्ये लोक उभे राहून गातात. त्या रणांगणावर भारतीय सैनिकही होते. पुढे ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर पोलिश कोअर आणि आठवी भारतीय डिव्हिजन शेजारी शेजारी लढल्या. त्या दिवशी मराठा लाइट इन्फंट्रीच्या नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. वळिवड्यातली पोलिश आई आणि जाधवांच्या अहमदनगर जिल्ह्यातली मराठी आई एकाच नदीकाठच्या बातमीची वाट पाहत होत्या, ही ओळख आपल्या शाळांच्या पुस्तकांत यायला हवी.

युद्ध संपले, पण घरी जाण्याची वाट बंद झाली. याल्टाच्या वाटाघाटींत पूर्व पोलंड रशियाकडे गेला आणि या माणसांची गावेच परदेशात पडली. १९४८ पर्यंत शिबिर रिकामे झाले. कुणी ब्रिटनला, कुणी ऑस्ट्रेलिया-कॅनडा-अमेरिकेला, कुणी पूर्व आफ्रिकेतल्या छावण्यांत गेले. एका मुलीने कोल्हापुरातच संसार केला. रिकाम्या बराकींत फाळणीने उखडलेले सिंधी बांधव आले आणि त्यातून आजचे गांधीनगर उभे राहिले. तिथल्या कापडाच्या पेठेत घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला पायाखालच्या मातीचा हा इतिहास सांगणारी पाटी हवी.

स्मरण होत नाही असे नाही. कोल्हापुरात महावीर उद्यानात स्मृतिस्तंभ आहे. वॉर्सात २०१७च्या नोव्हेंबरात कोल्हापूरचे स्मारक उभे राहिले आणि २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे फुले वाहिली. २०१९च्या सप्टेंबरात वळिवड्यात स्तंभाचे अनावरण झाले, तेव्हा शिबिरात वाढलेले वृद्ध दूरदेशांतून आले होते. पोलंडमध्ये १७ सप्टेंबर हा सायबेरियात हद्दपार झालेल्यांचा दिवस म्हणून पाळतात. जगभरच्या पोलिश वस्त्यांत त्यांच्या आठवणीसाठी गाण्यांचे कार्यक्रम होतात. आपल्याकडे मात्र फीत कापणे आणि भाषणे यांपुढे आपण क्वचितच जातो. या माणसांनी सांभाळले ते गाणे, तेव्हा त्यांचा सन्मान गाण्यानेच व्हावा, असे मला मनापासून वाटते.

दिल्लीकर मराठी मंडळींना हे सहज जमेल. पहाडगंजात आपली नूतन मराठी शाळा आहे, बृहन्महाराष्ट्र भवन आहे. पोलंडचा दूतावास चाणक्यपुरीत, त्याच शहरात. येत्या १० फेब्रुवारीला, म्हणजे हद्दपारीची पहिली लाट आली त्या तारखेला, एक संध्याकाळ ठरवा. पोलिश गायकांना बोलवा, शाळेतल्या मुलांकडून एक मराठी आणि एक पोलिश गाणे बसवून घ्या, कोल्हापूरच्या शाहिरांना डफ घेऊन यायला सांगा. आणि करवीर, हातकणंगले भागातल्या वाचकांना एक विनंती: तुमच्या आजी-आजोबांनी वळिवड्याच्या छावणीत दूध, भाजी, कापड विकले असेल, तिथल्या एखाद्या कुटुंबाचा फोटो किंवा भेटवस्तू घरात असेल, तर ती टाकून देऊ नका. ज्यांना ते दिवस आठवतात त्यांचे बोलणे मोबाइलवर का होईना, याच दिवाळीत ध्वनिमुद्रित करून ठेवा. त्या पिढीतली मोजकीच माणसे आता आपल्यात आहेत.